देवगडच्या बागेसाठी माझं मत डॉबरमनला

तुम्ही दोन जर्मन शेफर्ड स्वतः शिकवून तयार केलेत आणि आता देवगडच्या बागेसाठी कुत्र्याची आणखी दमदार जात विचारताय. तुम्हाला कोणी सेंट बर्नार्ड सुचवलाय, तो कृपया नकोच. आल्प्सच्या बर्फातली जात ती, आपल्या मे महिन्यात हाल होतील बिचाऱ्याचे.

मी डॉबरमन म्हणेन. नर ६८ ते ७२ सेंमी उंच, वजन ४०-४५ किलो, केस आखूड आणि एकेरी, म्हणजे आत दुसरा मऊ थर नाही. पावसाळ्यात शेफर्डची दुहेरी लव आतून ओलीच राहते, मग खाज, बुरशी. डॉबरमन पंचाने पुसला की सुकला. गोचीडही बोटांना लगेच सापडते, आणि गोचीडताप किती वाईट ते तुम्हाला माहीत असेलच. शिकायची हौस दांडगी, तुमच्यासारख्या अनुभवी हाताखाली हे कुत्रं खरं खुलतं.

मात्र बागेत एकटं बांधून ठेवणार असाल तर घेऊच नका, त्याला माणूस लागतं. (बिबट्या फिरतो तिथे रात्री कुठलंच कुत्रं बाहेर नको.) पिल्लू ठरवण्याआधी आईबापाच्या हृदयाची इको तपासणी मागा, हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजार या जातीत बराच आहे. ब्रीडर टाळाटाळ करू लागला तर दुसरा शोधा.