जुन्या सेटिंग नव्या टूलमध्ये नेताना
एकांनी लिहिलंय की जुन्या वेब ॲपच्या सेटिंग लोकलस्टोरेजमध्येच (ब्राउझर त्याच मशीनवर साइटसाठी ठेवतो त्या साठ्यात) आहेत, नवं टूल आपोआप वाचेल. नाही वाचणार, भाऊ. लोकलस्टोरेज ओरिजिनला, म्हणजे साइटच्या पत्त्याला, बांधलेलं असतं: प्रोटोकॉल, होस्ट, पोर्ट, तिन्ही जुळायला हवेत. सबडोमेन बदललं की ब्राउझरच्या लेखी ती परकी साइट. सफारी ब्राउझर तर त्याहून कडक. सफारी वापरात असूनही ७ दिवस त्या साइटला हात लावला नाही, तर स्क्रिप्टनं साठवलेलं पुसूनच टाकतो.

नागपुरात कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी केलेलं बिलिंगचं ॲप बदलताना आम्ही हाच घोळ घातला होता. सोमवारी नवं टूल सुरू, आणि सकाळी साडेसातलाच फोन: "माझा हमालीचा कॉलम कुठं गेला जी?" कॉलमचा क्रम त्यांच्या बोटांत बसलेला. थीमचा रंग गेल्याचं (ज्यावर आमचे चार दिवस गेले होते) कोणी विचारलंसुद्धा नाही!

मग जुनं ॲप परत चालू केलं. लॉगिन झालं की ते सेटिंगचा जेसन (साध्या मजकुरात मांडलेला डेटा) सर्व्हरला पाठवायचं, नवं टूल यूझर आयडीवरून तो उचलायचं. जुळवणी कॉलमच्या क्रमांकावरून नको, नावावरून करा. आमच्याकडे जुना ४ नंबर म्हणजे हमाली, नव्यात तो तोलाई निघाला. जेसनमध्ये आवृत्तीचा आकडा टाका, न जुळलेलं डिफॉल्टवर सोडा, पण मूळ जेसन पुसू नका. आणि नव्या टूलमध्ये ज्यानं आधीच काही बदललंय, त्याच्यावर जुनं लादू नका. दुसऱ्या दिवशीचे फोन असं लादल्याबद्दलचेच होते.