शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचा ठसा इतका खोल का उमटतो?

प्रश्न
शाळा सुटून मला ३५ वर्षे झाली. ज्या विषयांत उत्तम गुण मिळाले, त्यांतले बहुतेक विस्मरणात गेले. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी दिलेले मात्र अजून अंगात मुरलेले आहे. धावण्यात मी वर्गात नेहमी शेवटचा असे. सर प्रत्येकाची वेळ वहीत टिपून ठेवत आणि मला पहिल्या आलेल्या मुलाची वेळ कधीही न सांगता माझीच मागच्या महिन्याची नोंद दाखवत. २०० मीटरला मला ४४ ऐवजी ४१ सेकंद लागले, त्या दिवशी त्यांनी त्या आकड्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली. नुकतेच सर गेल्याचे कळले आणि ती रेघ डोळ्यांसमोरून हलेना. इतर शिक्षकांबद्दल असे का होत नाही?

प्रतिसाद १
सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचाली पाठ केलेल्या माहितीपेक्षा वेगळ्या रीतीने स्मरणात राहतात. लहान मेंदूचा त्यात मोठा वाटा असतो, आणि म्हणूनच अनेक वर्षे न चालवलेली सायकलही सहज चालवता येते. उडी मारून उतरताना गुडघे वाकवायचे, म्हणजे शरीराचा वेग जरा जास्त वेळ घेत थांबतो आणि हाडांना बसणारा धक्का कमी होतो, हे आमच्या बाईंनी वाळूच्या खड्ड्याशी उभे राहून आमच्याकडून शेकडो वेळा करून घेतले. मागच्या वर्षी जिन्याची शेवटची पायरी चुकली, तेव्हा मी काही विचार करण्याआधीच गुडघे वाकले होते. त्या क्षणी मला बाईच आठवल्या.

प्रतिसाद २
ठसा दुसऱ्या बाजूनेही उमटतो, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. आमचे शिक्षक दोन कर्णधारांना आळीपाळीने गडी निवडायला लावत आणि शेवटी मी एकटी उरत असे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. मी मात्र त्या रांगेच्या धास्तीने मैदानच टाळले, आणि साधे चालायला जाण्याची सवय लागायला चाळिशी उजाडली. म्हणून आपल्या सरांची वही मला फार मोलाची वाटते.

प्रतिसाद ३
रिले शर्यतीत मागे न पाहता हात मागे धरायचा आणि बॅटन हातात येईलच असे मानून पळत सुटायचे, हे मला सरांनीच शिकवले. माझ्या हातून ते दोनदा पडले, तरीही तिसऱ्या वेळी त्यांनी मलाच शेवटच्या टप्प्यासाठी उभे केले. माझ्यावर इतका भरवसा त्याआधी कोणी टाकला नव्हता.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद वाचताना एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली: आमच्या सरांनी गडी निवडण्याचे काम मुलांकडे कधीच दिले नाही. वहीतले आकडे पाहून ते स्वतः दोन्ही संघ पाडत आणि नावे एका दमात वाचून दाखवत, त्यामुळे शेवटचे नाव कोणाचे, याकडे आमचे कधी लक्षच गेले नाही.