एम.ए. राजकीय भूगोल: निर्वसाहतीकरणाचं युनिट हैदराबाद संस्थानावरून शिकवता येईल का?

मांजराकाठ
राजकीय भूगोलाच्या पेपरात ‘निर्वसाहतीकरण आणि भूराजनीती’ असं १५ तासिकांचं युनिट बसवायचं आहे. वर्गात तीसेक मुलं, बहुतेक लातूर, नांदेड, बीडच्या खेड्यांतली. रॅटझेल, मॅकिंडर, स्पाइकमन हे भूराजनीतीचे सिद्धांतकार नोट्समध्ये आहेतच. आफ्रिकेच्या वाटणीच्या बर्लिन परिषदेपासून १९६० च्या स्वतंत्र होणाऱ्या आफ्रिकेपर्यंत सांगून झालं की मुलांच्या वहीत फक्त तारखा उरतात. हैदराबाद संस्थान मुख्य उदाहरण म्हणून घेतलं तर सुरुवात कुठून करावी, प्रात्यक्षिकाला कोणते नकाशे वापरावेत आणि यात हमखास काय चुकतं, हे जाणकारांनी सांगावं. एका विद्यार्थ्याला पीएच.डी.साठीही हाच विषय हवा आहे.

गोदातीर
सर, उदाहरण घ्याच, फक्त सप्टेंबर १९४८ पासून, म्हणजे संस्थान भारतात आलं तिथून, सुरू करू नका. तिथून सुरू केलं की युनिटचं झेंडावंदन होतं आणि भूगोल बाजूला राहतो.

वऱ्हाडापासून सुरू करा. निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या पण इंग्रजांच्या हुकमातल्या फौजेची थकबाकी साचली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभारात गेला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला. कागदावर मालक निजामच. १९३६ मध्ये त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीसुद्धा मिळाली. महसूल आणि कापूस मात्र इंग्रजांच्या हाती. सातबारा एकाच्या नावावर आणि शेत ठोक्याने दुसऱ्याकडे, असं म्हटलं की सार्वभौमत्व आणि ताबा यांतला फरक वेगळा समजवावा लागत नाही.

त्याच तासाला हिंदी महासागरातली चागोस बेटं घ्या. ब्रिटनने नोव्हेंबर १९६५ मध्ये ती मॉरिशसपासून तोडली आणि १९६८ मध्ये उरलेल्या मॉरिशसला स्वातंत्र्य दिलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी सल्लागार मत दिलं, की मॉरिशसचं निर्वसाहतीकरण कायद्याने पूर्ण झालेलंच नाही. २२ मे २०२५ रोजी दोन्ही देशांनी ज्या करारावर सह्या केल्या त्यात सार्वभौमत्व मॉरिशसचं आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षं ब्रिटनकडे, मोबदल्यात भाडं. वऱ्हाडचा कागद आणि हा कागद शेजारी ठेवा. साम्य मुलं काढतीलच, फरक तुम्ही काढून घ्या: वऱ्हाडातली माणसं जागेवर राहिली, चागोसची १९७३ पर्यंत सगळी हलवली गेली.

दुसरा धागा रोजच्या व्यवहाराचा. संस्थानचा हाली सिक्का, इंग्रजी मुलखाचा कलदार; साधारण ७ हालीला ६ कलदार. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. बार्शी किंवा उमरखेडच्या बाजाराला जाणारा माणूस नाका ओलांडायचा आणि नाणंही बदलायचा. जुनी माणसं ‘मोगलाई’ म्हणतात ती ही हद्द. मुलांना दोन बाजारगावं द्या आणि १९४० साली तिथवर माल न्यायला जकात, नाणं, रस्ता यांचा हिशेब कसा पडला असता ते लिहायला सांगा.

मॅकिंडर टाळू नका. २५ जानेवारी १९०४ रोजी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत वाचलेल्या निबंधातला नकाशा फळ्यावर काढा आणि नांदेड कुठे येतं विचारा. उत्तर ‘आतील चंद्रकोर’, म्हणजे युरेशियाच्या मध्यभागाला वेढणारा किनारी पट्टा. मग विचारा, या चंद्रकोरीतली माणसं नकाशात काही करताना दिसतात का? शेजारी १९५५ च्या बांडुंग परिषदेतले २९ देश रंगवा. एवढ्यावर चिकित्सक भूराजनीती (नकाशा कोणी, कोणाच्या नजरेने काढला हे विचारणारी) निम्मी शिकवून होते.

कलम_सात
वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण एक गाठ सैल राहिली आहे. हैदराबाद ही ब्रिटिशांची वसाहत नव्हती, मांडलिक संस्थान होतं. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या कलम ७ ने संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता संपली. ती भारताकडे किंवा पाकिस्तानकडे आपोआप गेली नाही. सगळा वाद याच फटीतला. ‘मराठवाडा निजामाची वसाहत होता’ असं सरसकट वाक्य उत्तरपत्रिकेत आलं तर गुण कापा. सरंजामी सत्ता, धर्माधारित राजवट आणि वसाहत हे तीन वेगळे शब्द आहेत.

यावर सुरक्षा परिषदेचं दोन तासिकांचं अभिरूप (लुटुपुटुचं) सत्र चांगलं बसतं. २९ नोव्हेंबर १९४७ चा एक वर्षाचा जैसे थे करार, २१ ऑगस्ट १९४८ ची हैदराबादची सुरक्षा परिषदेकडे तक्रार, १३ सप्टेंबरला भारताची लष्करी कारवाई (‘पोलीस अ‍ॅक्शन’), १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये विषय पटलावर, १७ ला शरणागतीची घोषणा, २२ ला निजामाकडून तक्रार मागे. वर्गाचे तीन गट करा: हैदराबाद, भारत, परिषदेचे सदस्य. प्रश्न एकच: हैदराबाद हे ‘राज्य’ होतं का? निकष १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराचे चार: कायम लोकसंख्या, निश्चित प्रदेश, शासन, इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. पहिले तीन हैदराबाद गट सहज जिंकतो. ८२ हजार चौरस मैलांहून मोठा मुलूख, १९४१ ला सुमारे १ कोटी ६३ लाख वस्ती, स्वतःचं टपाल आणि रेल्वे. चौथ्यावर अडतो, आणि समुद्र नसल्यावर जास्तच. भारत गटाला जनतेच्या इच्छेचा मुद्दा आठवण करून द्यावा लागतो. मुलं नकाशात गुंततात आणि निजामाविरुद्ध लढणारी स्टेट काँग्रेस, तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ विसरतात.

शिवार_नकाशा
नकाशांबद्दल. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मराठवाड्याच्या आजच्या आठ जिल्ह्यांचा नकाशा घेऊन त्यावर १९४८ रंगवणं. तेव्हा जालना, लातूर, हिंगोली जिल्हे नव्हते (ते १९८१, १९८२, १९९९). उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदर जिल्ह्यात होते, किनवट आणि राजुरा आदिलाबादेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं मुंबई राज्याचं कलम वाचायला द्या. मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं आणि देगलूरची बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं नांदेडमधून वगळली आहेत. सीमा कधीकधी मंडळामंडळाने तुटते, हे त्या एका परिच्छेदात दिसतं. मुलांनी तो परिच्छेद हाताने नकाशावर उतरवायचा, हेच प्रात्यक्षिक.

फुकटचा पाया-नकाशा म्हणून टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची अमेरिकन लष्करी नकाशामाला, यू-५०२, प्रमाण १:२,५०,०००. तालुका पातळीला पुरते. गाव पातळीला सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंची, म्हणजे १:६३,३६०; संभाजीनगर ४७ एम/५, नांदेड ५६ ई/८.

मांजराकाठ
क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना टोपोशीट (सर्व्हेचा नकाशा) बसवला की गावं उपग्रह प्रतिमेवरून सरकलेली दिसतात. नियंत्रण बिंदू (नकाशा जागेवर बसवायला दिलेल्या ओळखीच्या जागा) चुकले असतील का?

शिवार_नकाशा
बहुधा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, चुकलं. जुने शीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) आहेत आणि तुम्ही अक्षांश-रेखांश आजच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ चे समजून टाकलेत. आधी कालियनपूर डेटम निवडा, शीटचे चार कोपरे आणि आतले चार-पाच जाळीबिंदू द्या, मग रूपांतर करा. रस्त्यांचे चौक बिंदू म्हणून घेऊ नका, रस्ते हलतात. देवळाचं शिखर, किल्ल्याचा बुरूज, जुना रेल्वे पूल घ्या. धरणांच्या पट्ट्यात, विशेषतः जायकवाडीच्या फुगवट्यात, जुनं गाव आणि पुनर्वसित गाव एकाच नावाने असतात, तिथे जोडणी हमखास फसते.

१९५१ च्या जनगणना पुस्तिकांमधली नावं जोडतानाही तसंच. अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ म्हणून सापडेल, बीड ‘भीर’. पिंपळगाव, पिंपरी तर ढिगाने. नुसत्या नावाने जोडू नका. तालुका आणि शेजारची दोन गावं जुळली तरच खूण करा.

दप्तरखाना
पीएच.डी.साठी ‘मराठवाड्याचं निर्वसाहतीकरण’ हा विषय फार पसरट होईल. एक हद्द-पट्टा घ्या, उदाहरणार्थ बार्शी–परांडा किंवा उमरखेड–हदगाव, आणि १९४० ते १९६० मध्ये तिथला नाका, बाजार, जमीन यांचं काय झालं तेवढंच पाहा.

कागद उर्दू, मोडी आणि मराठीत. वर्षं फसली, म्हणजे संस्थानच्या महसुली सनाची; इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. जहागीर निर्मूलनाचा १३५८ फसलीचा कायदा १५ ऑगस्ट १९४९ चा, त्यावर ताळा करून बघा. सरसकट ५९० धरलं की घटना वर्षभर मागे जातात आणि कारण-परिणाम उलटे होतात. जहागीर आणि सर्फ-ए-खास (निजामाच्या खाजगी मालकीची) गावं दिवाणी (सरकारी) गावांपासून वेगळी नोंदवा; एकाच तालुक्यात तिन्ही असतात आणि महसुलाचे आकडे त्यामुळेच जुळत नाहीत.

मराठा-कुणबी दाखल्यांबद्दलच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटियर गावोगाव पोचलं. ते वर्गातही आणा, पण पुरावा म्हणून नव्हे, ज्ञानाचा साचा म्हणून: कोणते रकाने आहेत, कोणी विचारलं, कशासाठी विचारलं. भौगोलिक ज्ञानाचं निर्वसाहतीकरण (२०१७ च्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी परिषदेचा तोच विषय होता) इथून जमिनीवर येतं.

जुन्या माणसांच्या मुलाखतीत ‘रझाकारांनी (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेने) काय केलं?’ हा पहिला प्रश्न नको; पाठ झालेलं भाषण मिळतं. बाजाराला कुठे जायचात, नाका कुठे होता, कोणता पैसा चालायचा, हे विचारा. बाकीचं मागून येतं. पोलीस अ‍ॅक्शननंतरची हिंसाही टाळू नका. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. रझाकारांचे अत्याचार आणि ही हिंसा एकाच तासाला, दोन्हींचे कागद समोर ठेवून घ्या. वेगवेगळ्या दिवशी घेतलं तर निम्मा वर्ग एकाच तासाला येतो. आणि गावाचं नाव, जात, आडनाव प्रबंधात येऊ देऊ नका, तालुका पुरतो.