एक्सेलमधून वर्डमध्ये जोडलेला तक्ता अद्ययावत केल्यावर मांडणी बिघडते

प्रश्न – अहवाल_लेखनिक
नमस्कार. आमच्या पतसंस्थेचा ताळेबंद एक्सेलमध्ये तयार होतो आणि मी तो ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘पेस्ट लिंक’ वापरून, ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ म्हणून वार्षिक अहवालाच्या वर्ड फाइलला जोडला आहे. वर्डमध्ये रकमा उजवीकडे घेतल्या आणि शेवटची ‘एकूण’ ही ओळ ठळक केली. लेखापरीक्षकांच्या सूचनेनुसार एक्सेलमध्ये मधे एक ओळ वाढवून दुवा अद्ययावत केला, तर ‘एकूण’ नाहीशी झाली आणि तिच्या जागी ‘इतर देणी’ ठळक दिसू लागली! शिवाय मराठी मजकुराचा फॉन्टही बदलला. चित्र म्हणून चिकटवणे टाळायचे आहे. काय करावे?

उत्तर १ – जुना_टंकलेखक
आपल्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. ऑल्ट आणि एफ९ दाबल्यास तक्त्याच्या जागी ‘लिंक’ फील्डचा संकेत, म्हणजे तक्ता कुठून व कसा आणायचा हे वर्डला सांगणारी ओळ, दिसेल. त्यात तक्त्याचा पत्ता ओळ व स्तंभ यांच्या क्रमांकांनी लिहिलेला असतो. वर्डची फाइल बंद असताना एक्सेलमध्ये ओळ वाढली, तर तो पत्ता आपोआप बदलत नाही, म्हणून शेवटची ओळ हद्दीबाहेर गेली. यावर उपाय असा, की एक्सेलमध्ये संपूर्ण तक्ता निवडून सूत्रपट्टीच्या डावीकडील नावाच्या चौकटीत त्याला नाव द्यावे आणि संकेतातील क्रमांकांऐवजी ते नाव लिहावे. तक्त्याच्या मधे ओळ घातली की नावाची हद्द स्वतःच वाढते.

दुसरा दोष संकेताच्या शेवटी असलेल्या ‘मर्जफॉरमॅट’चा आहे. आपण वर्डमध्ये हाताने केलेली सजावट तो जपतो खरा, पण ती मजकुराच्या अर्थानुसार नव्हे तर जागेनुसार जपतो. त्यामुळे मजकूर सरकला तरी ठळकपणा जागच्या जागी राहतो. ज्या तक्त्यात ओळी वाढणार आहेत, त्याची सजावट एक्सेलमध्येच करावी, ‘मर्जफॉरमॅट’ काढून टाकावा आणि एफ या स्विचपुढील (स्विच म्हणजे संकेतातील पर्याय ठरवणारी खूण) ५ हा आकडा बदलून ४ करावा. ५ म्हणजे वर्डच्या दस्तऐवजाशी जुळवून घेणे, तर ४ म्हणजे एक्सेलची मांडणी राखणे. बदल झाल्यावर एफ९ दाबून दुवा अद्ययावत करावा.

उत्तर २ – अक्षरजुळणी
फॉन्टविषयी थोडेसे. वर्ड रोमन अक्षरांसाठी एक आणि देवनागरीसाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या खात्यात दुसरा फॉन्ट ठेवतो, आणि दोन्हींचा आकारही वेगळा नोंदवतो. आपण बहुधा पहिलाच बदलला असेल. ही चूक आम्ही सगळ्यांनी एकदा तरी केलेली आहे. तक्त्याला लागणाऱ्या शैलीतच दोन्ही खाती भरून ठेवावीत, म्हणजे प्रत्येक वेळी मजकूर निवडून फॉन्ट बदलावा लागणार नाही.

लाख-कोटींचे स्वल्पविरामही तपासावेत. एक्सेलचे नेहमीचे अंकस्वरूप विंडोजच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे गट पाडते, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर दुवा अद्ययावत झाल्यास १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ असे दिसू शकते.

अहवाल_लेखनिक
दोघांचेही आभार. नाव दिल्यावर ‘एकूण’ परत आली आणि ठळकपणाही तिच्यावरच राहिला. आता फाइल छापखान्यात द्यायची आहे, तेथे एक्सेलची फाइल नसेल.

जुना_टंकलेखक
मग मूळ फाइल जपून ठेवावी, तिची प्रत काढावी आणि त्या प्रतीत सर्व मजकूर निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ एकत्र दाबावे. दुवे तुटून तक्ते साध्या मजकुरात रूपांतरित होतील. मात्र अनुक्रमणिका आणि पृष्ठसंदर्भही त्याच वेळी गोठतात, तेव्हा ते आधी अद्ययावत करून घ्यावेत.