मदत हवी आहे : सारखे केसतोड होतात, नाकाचा स्वॅब करावा का?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या दिराला मांडीवर, मानेवर केसतोड उठतो, पिकतो, फुटतो. तो बसतो न बसतो तोच शेजारी दुसरा. कोथरूडच्या आमच्या डॉक्टरांनी केसपेपरवर 'रिकरंट फुरंक्युलोसिस' लिहिलंय. अनेक तोंडांचं एकच मोठं गळू म्हणजे कार्बंकल, आपली काळपुळी. हे तसं नाही. केसांच्या मुळाशी सुटी सुटी गळवं पुन्हा पुन्हा होतात, एवढं समजलं. कारण बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू, आणि तो बऱ्याचदा नाकपुडीत मुक्काम ठोकून असतो.

साखर तपासली, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) नॉर्मल आहे. कोणता जिवाणू आहे ते कळायला पुवाचं कल्चर दिलंय. सासूबाईंचं निदान अर्थातच 'आंबे खाऊन उष्णता झाली'. त्यावर वाद नको!

नाकाचा स्वॅब घरातल्या सगळ्यांचा करावा लागतो का? म्युपिरोसिन हे जिवाणू मारायचं मलम नाकात लावून कुणाचं खरंच थांबलं का, की काही महिन्यांनी परत सुरू? टॉवेल, रेझर वेगळे केलेत, चादरी गरम पाण्यात धुतोय. डेक्कन किंवा सिंहगड रोडकडचे चांगले त्वचारोगतज्ज्ञ कुणी असतील तर सांगा. पोटिसाचे आणि पिळून काढायचे उपाय कृपया नकोत.