मदत हवी आहे: ठाण्यात रेशन कार्डावरची दोन नावं 'बंद' झालीत, नक्की कुठे जायचं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझा नाही, आमच्याकडे अकरा वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा आहे. धावपळ मात्र आता मी करतेय आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. आमचं पांढरं कार्ड कपाटात कुठेतरी पडलेलं असतं, तेवढाच माझा रेशनशी संबंध.

मावशींचं केशरी कार्ड आहे, प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असलेलं. कुटुंबप्रमुख म्हणून नावही त्यांचंच. घरात त्या, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. माणशी पाच किलो, म्हणजे गहू-तांदूळ मिळून २५ किलो. आधी किसननगरला राहायच्या. इमारत रिकामी करावी लागली, तेव्हापासून कळव्याला भाड्याने आहेत. रेशन मात्र अजून किसननगरच्याच दुकानातून. लोकलने ठाणे, पुढे शेअर रिक्षा, आणि येताना डोक्यावर पिशवी.

गेले दोन महिने १५ किलोच मिळतंय. दुकानदार म्हणतो, मावशी आणि धाकटा नातू (वय सहा) यांची केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेली नाही, म्हणून नावं बंद. मावशींचं म्हणणं, "मी दहादा अंगठा दिला, मशीनवर उठतच नाही." उठणार कसा? चाळीस वर्षं भांडी घासून बोटं गुळगुळीत झालीत. मग दुकानदाराने सांगितलं की कळव्याचा पत्ता करून आणा. मावशी खाडा करून तहसील कार्यालयात गेल्या, तिथे कळलं की हे काम इथलं नाहीच. बाहेर एकाने 'दोन हजारांत करून देतो' म्हटलं. नशीब, पैसे द्यायच्या आधी त्यांनी मला विचारलं.

भरीला सुनेच्या ग्रुपवर मेसेज आलाय की आता धान्याऐवजी खात्यात पैसे येणार. घरात सगळे हवालदिल आहेत. यातलं खरं काय? पत्ता आधी बदलायचा की केवायसी आधी? आणि ठाण्यात जायचं तरी कुठल्या ऑफिसात?

खारेगावकर
तहसीलची चूक निम्मं ठाणं करतं. गावाकडे रेशनचं काम तहसीलदाराच्या पुरवठा शाखेत होतं, म्हणून माणूस सवयीने तिकडेच जातो. ठाणे आणि नवी मुंबई मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात येतात. इथे शिधावाटप अधिकारी असतो आणि त्याच्यावर उपनियंत्रक, फ परिमंडळ. कार्डावर शिधावाटप कार्यालयाचा शिक्का आहे का बघा, त्यावरून तुमचं ऑफिस कुठलं ते कळेल. दोन हजारवाल्याला लांबूनच नमस्कार.

टोचणी
एवढं सगळं करण्यापेक्षा बाजारातून दहा किलो तांदूळ घेऊन द्या की. दोन महिन्यांनी परत हाच घोळ.

खारेगावकर
@टोचणी, प्रश्न दहा किलोचा नाही. तेच कार्ड उद्या दवाखान्यात आणि मुलांच्या दाखल्यांना लागतं. आणि शहरात प्राधान्य यादीसाठी वर्षाची उत्पन्न मर्यादा ५९ हजार आहे. भागा बाराने. पाच हजारसुद्धा होत नाहीत. अशा घरात दहा किलो म्हणजे काय, ते त्यांनाच विचारा.

जुना बाबू
ताई, पुरवठ्यात नोकरी झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टींची भेळ झाली आहे आणि दुकानदाराने ती आणखी कालवली.

पहिलं म्हणजे केवायसी. त्यासाठी पत्ता बदलावा लागत नाही, जुन्या दुकानातही जावं लागत नाही. कोणत्याही रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर, म्हणजे अंगठा घेतात त्या मशीनवर होते. कळव्यात घराजवळच्या दुकानात जा, सोबत आधार आणि कार्डाचा बारा आकडी नंबर न्या. बोट लागत नसेल तर नवीन मशीनला डोळ्यांचा स्कॅनर असतो, तो लावायला सांगा. काही दुकानदार तो खोक्यातून काढतच नाहीत, तेव्हा गोड बोलून पण ठामपणे सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर कधी कधी डोळाही जुळत नाही. तसं असेल तर 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून करता येतं. त्यासाठी 'आधार फेस आरडी' हे दुसरं ॲपही फोनमध्ये घालावं लागतं, आणि ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. तो नंबर चालू आहे का, हे आधी बघा.

नातवाचं कारण वेगळं असणार. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारवर ठसे नसतात, मग मशीन जुळवणार कशाशी? पाच पूर्ण झाल्यावर आधार केंद्रात ठसे आणि डोळे द्यावे लागतात. पाच ते सात वयात ते फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ते अपडेट झालं की मगच रेशनची केवायसी. जुलै २०२५ मध्ये केंद्राने रेशनचा नियंत्रण आदेश बदलला, त्यात मुलाला पाच पूर्ण झाल्यावर केवायसीसाठी एक वर्ष दिलं आहे. बाळाचं वय सहा, म्हणजे उशीर नको.

दुसरं, धान्य कुठून घ्यायचं. पोर्टेबिलिटी (कार्ड कुठल्याही रेशन दुकानात चालण्याची सोय) असल्यामुळे कळव्याच्या दुकानातही मिळतं, तिथे अंगठा लागला म्हणजे झालं. पिशवी डोक्यावर घेऊन लोकल पकडायची गरजच नव्हती. अनेक दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत, कारण गिऱ्हाईक गेलं की कमिशन गेलं.

तिसरं पत्ता. तो सावकाश करा, नमुना १४ (कार्डातल्या बदलाचा अर्ज) भरून किंवा आरसीएमएस या सरकारी रेशन कार्ड पोर्टलवरून. भाडेकरार जपून ठेवा, कारण वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं आणि त्यावरून वाद घालत बसतात.

बाकी, सून किंवा मुलगा अंगठा देऊन बाकीच्यांचं धान्य घेतो आहे तोवर कार्ड जिवंत आहे. सहा महिने कुणीच काही उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद होतं, तेही त्याच आदेशात आहे. एकही महिना चुकवू नका.

मीठभाकर
पैशांच्या मेसेजबद्दल: तो अर्धा खरा, म्हणून जास्त फसवा. राज्यात १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी रोख मिळतं. माणशी महिना आधी १५० होते, मग १७० झाले. ते जिल्हे म्हणजे छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग आणि वर्धा. ठाण्याचा त्यात काही संबंध नाही. प्राधान्य आणि अंत्योदयचं फुकट धान्य जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी वाढवलेलं आहे. फॉरवर्डमध्ये लिंक असेल तर सुनेला सांगा, बोटसुद्धा लावू नको.

टोचणी
आनंदाचा शिधा पण येणार म्हणून असाच मेसेज फिरत होता. १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल. आमची आजी पिशवी घेऊन दुकानासमोर बसली होती, दिवाळी निघून गेली.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, विशेषतः जुना बाबू काका. काल शनिवारी मावशींबरोबर मी स्वतः कळव्याला गेले. दुकानदार आधी "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणाला. मी १९६७ या रेशनच्या हेल्पलाइनला फोन लावते म्हटल्यावर स्कॅनर खालच्या कप्प्यातून निघाला, त्यावर धूळ होती. मावशींचा उजवा डोळा दोनदा नापास, डावा पास. पावती हातात आल्यावर त्यांनी ती चारदा घडी करून बटव्यात ठेवली आणि मला विचारलं, "बाई, एवढ्यासाठी तहसीलला कशाला गेले मी?"

नातवाची आधार केंद्राची वेळ पुढच्या मंगळवारची मिळालीय. शाळेतून लवकर काढावा लागेल. काका, एक शेवटचं: जे दोन महिने दहा-दहा किलो कमी मिळालं, ते आता मागता येईल का?

जुना बाबू
त्या महिन्यांचं धान्य उचलायला मुदतवाढ जाहीर झाली असेल तरच. नाहीतर गेलेल्या महिन्याचं धान्य गेलं, मशीन मागचा महिना उघडत नाही. तरी लेखी अर्ज शिधावाटप अधिकाऱ्याकडे द्या, केवायसीचे प्रयत्न कोणत्या तारखांना केले ते लिहा आणि पोच घ्या. धान्य नाही मिळालं तरी नातवाच्या वेळी तोच कागद उपयोगी पडेल. आणि मंगळवारी मुलाचा जन्मदाखला जवळ असू द्या, मागितलाच तर मूळ प्रत दाखवा.