नागपुरात कुत्र्यासाठी ट्रेनर सुचवा: चोक चेनवाला की खाऊवाला?

मनीषनगरकर:
आमचा लॅब्रॅडॉर दीड वर्षाचा आहे. घरात एकदम गरीब, पण फिरायला नेलं की गल्लीतली कुत्री दिसताच भुंकत सुटतो, पट्टा ओढतो. आईला तर आता त्याला बाहेर नेताच येत नाही. एक ट्रेनर चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) आणा म्हणतो, दुसरा फक्त खाऊ देऊन शिकवतो. कोणाचं ऐकावं?

शेफर्डवाला:
भाऊ, चेनच घ्या. माझा त्यानंच सरळ झाला. कळपात म्होरक्या एकच असतो, तो आपणच असलं पाहिजे.

श्वानशिक्षक_धरमपेठ:
हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेफर्डवाले दादा, म्होरक्याची ही कल्पना संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांच्या लांडग्यांवरच्या १९४७ च्या अभ्यासातून आली. ते लांडगे बंदिस्त जागेत ठेवलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती कल्पना लोकांपर्यंत नेली आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे ज्या पायावर आपण कुत्र्याला दाबतो, तो पायाच कच्चा आहे.

पद्धत निवडण्याआधी मी एकच गोष्ट शोधतो: हा कुत्रा असं का करून राहिला? भीतीनं भुंकणारा आणि खेळायला जाता येत नाही म्हणून चिडणारा, दोघं दिसतात सारखेच. भित्र्याला चेनचा झटका बसला, की समोर कुत्रं दिसलं म्हणजे मान दुखते एवढंच तो शिकतो. भुंकणं थांबेलही, भीती मात्र वाढते. गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढे न गुरगुरताच चावू शकतो, आणि घरात लहान मुलं असतील तर मला याचीच सर्वात जास्त काळजी वाटते.

म्हणून सर्वात कमी त्रासाचा उपाय आधी. समोरचं कुत्रं दिसतं पण आपला अजून भुंकत नाही, एवढ्या अंतरावर उभं राहायचं. ते दिसलं रे दिसलं की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यायचा. अंतर हळूहळू कमी करायचं. भुंकला तर रागावू नका, मागे सरका. आपण जास्त जवळ गेलो होतो एवढाच त्याचा अर्थ.

खाऊवाल्या ट्रेनरलाही डोळे मिटून होकार देऊ नका. ‘कुत्रा चुकला की तुम्ही काय करता?’ असं दोघांनाही विचारा आणि शिकवताना तुम्हाला समोर उभं राहू देतात का ते पाहा. कुत्र्याला आठवडाभर स्वतःकडे ठेवून ‘तयार करून देतो’ म्हणणाऱ्याकडे मी माझा कुत्रा सोडणार नाही.

मनीषनगरकर:
हे गेल्या महिन्यापासूनच वाढलं, आधी एवढं नव्हतं.

श्वानशिक्षक_धरमपेठ:
मग ट्रेनरआधी डॉक्टर. कान किंवा कंबर दुखत असेल तरी कुत्रा असा चिडतो. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवा.

सेमिनरीहिल्सची_ताई:
आणि सध्याच्या उन्हात सराव पहाटेच करा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्याचेही पाय भाजतात.